दहा रुपयांचा फ्यूज वीस हजारांच्या घरात कसा गेला

आपल्याकडे फ्यूज म्हटलं की मीटरखालचा तो पांढरा चिनी मातीचा किटकॅट आठवतो. लाइट गेली की बाबा आपल्याला मेणबत्ती धरायला लावायचे आणि फ्यूज वायर नसेल तर कुठल्यातरी जुन्या वायरीतून तांब्याचा एक पदर सोलून बांधायचे (जे अजिबात करू नये, पण सगळे करायचे). त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या मागचा बोटाच्या पेराएवढा काचेचा फ्यूज काढून तिथे दोनशे डॉलरचा घातला आणि गायिकेचा आवाज मोकळा झाला, असं कुणी सांगितलं की आधी हसूच येतं. पण हे खूळ काही आकाशातून पडलेलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यात एक गोष्ट खरी पण आहे, फक्त ती भलत्या जागी जाऊन बसलीय.

फ्यूजचा आवाजाशी मुळात काही संबंध नव्हता. 1847 मधे ब्रेगे नावाच्या फ्रेंच माणसाने टेलिग्राफच्या केंद्रांना विजेपासून वाचवायला मधे बारीक तार टाका असं सुचवलं, म्हणजे वीज पडली तर तार जळेल, यंत्र वाचेल. 1890 मधे एडिसनला त्याच्या वीजपुरवठ्याच्या व्यवस्थेतल्या फ्यूजचं पेटंट मिळालं. कामाचं तत्त्व आजही तेच, तारेने स्वतः मरायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं.

आता ती खरी गोष्ट. जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पमधे आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असायचा, सुरुवातीच्या बऱ्याच ट्रान्झिस्टर ॲम्पमधे कपॅसिटर, त्यामुळे आत काही जळलं तरी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, स्पीकरपर्यंत पोचत नव्हता. पुढे सत्तरच्या दशकात स्पीकर थेट जोडायची पद्धत रुळली, आणि मग एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सगळा डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलमधे, कॉइल खाक. यावर स्वस्त उपाय म्हणजे स्पीकरच्या लाइनीतच फ्यूज. पण इथे गाण्याचा सगळा करंट त्या बारीक तारेतून जातो. करंट वाढला की तार तापते, तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, आणि अगदी खालच्या बासला तर एकेका लाटेबरोबर ती तापते-निवते, म्हणजे रेझिस्टन्स गाण्याबरोबर हलत राहतो. हे झालं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात झालेला बिघाड. ॲम्प डिझाइनवर पुस्तकं लिहिणारे डग्लस सेल्फ आणि बॉब कॉर्डेल या दोघांनी ते मोजून दाखवलंय, म्हणजे भास नाही. उपायही साधा, फीडबॅक (चूक सुधारायला ॲम्प स्वतःच्या आउटपुटचा जो नमुना परत घेतो तो) फ्यूजच्या पुढून घ्या किंवा फ्यूज काढून रिले, म्हणजे विजेवर उघडमीट होणारा स्विच, लावा. हळूहळू बहुतेक ठिकाणी रिलेच आले, आणि स्पीकरच्या वाटेतला फ्यूज आज फार थोड्या ठिकाणी उरलाय, उदाहरणार्थ मॅग्नेपॅनच्या उंच पडद्यासारख्या स्पीकरमधे ट्विटरच्या (बारीक, वरच्या सुरांच्या भागाच्या) लाइनीत.

मग मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून ॲम्पमधे येणाऱ्या विजेच्या वाटेतल्या, फ्यूजवर एवढं लक्ष का गेलं? माझ्या मते त्याला त्या काळची हवा कारण. 1962 मधे अमेरिकेत स्टीरिओफाइल हे हायफाय यंत्रांचं मासिक निघालं, 1973 मधे द ॲब्सोल्यूट साउंड, आणि मीटर काय दाखवतो त्यापेक्षा कानाला काय वाटतं ते खरं, हा सूर जोर धरू लागला. 1979 मधे मॉन्स्टर केबल कंपनी आली आणि स्पीकरची वायर वेगळी, महाग अशी विकता येते हे सगळ्यांना कळलं. एकदा वायरीला भाव आला की पुढचा रस्ता ठरलेला, आधी स्पीकरची वायर, मग पॉवर कॉर्ड, मग प्लग, मग सॉकेट, आणि शेवटी उरला तो फ्यूज.

ब्रिटनमधे तर मैदान तयारच होतं. युद्धानंतर तांब्याची टंचाई, म्हणून त्यांनी घरात रिंग वायरिंग (सगळे सॉकेट एकाच गोल फिरून येणाऱ्या वायरीवर) आणि 1947 पासून प्रत्येक प्लगमधेच फ्यूज अशी पद्धत आणली, त्यामुळे यंत्र न उघडता कुणालाही फ्यूज बदलता यायचा. आपल्या गोल पिनांच्या प्लगमधे सहसा फ्यूज नसतो, म्हणून ते वेड आपल्याकडे त्या वाटेने आलं नाही. 2000 नंतर जर्मनीची हायफाय ट्यूनिंग, जपानची फुरुटेक, अमेरिकेची सिनर्जिस्टिक रिसर्च अशा कंपन्या यात उतरल्या, सोनं-चांदीचा मुलामा, लाल-काळे-निळे-केशरी अशा एकामागून एक आवृत्त्या, आणि बाणाच्या दिशेने बसवा अशा सूचना. एसी सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, मग तो बाण नेमका कुणासाठी, हे मला तरी अजून कळलेलं नाही.

कारण मेन्सच्या फ्यूजमधून गाणं जातच नाही. तिथून जाते 50 हर्ट्झची वीज, तीही पुढे ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि हजारो मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून गाळून निघते. दोन फ्यूजच्या रेझिस्टन्समधला फरक बहुधा मिलिओममधे, म्हणजे ओमच्या हजाराव्या भागांत. आणि घरातली दीड स्क्वेअर एमएमची वायर दर मीटर लांबीला साधारण 12 मिलिओम, बोर्डापासून सॉकेट 20 मीटर धरलं तर जाऊन-येऊन 40 मीटर, म्हणजे भिंतीतच जवळपास अर्धा ओम बसलाय. तो कुणी बदलत नाही.

मग लोकांना फरक ऐकू कसा येतो? खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. न सांगता अदलाबदल करून ऐकवायची एबीएक्स पद्धत डेव्हिड क्लार्क या ऑडिओ इंजिनिअरने 1982 मधेच हायफाय यंत्रांसाठी मांडली होती, पण फ्यूजला ती लावणं कटकटीचं, ॲम्प बंद करा, कॉर्ड काढा, स्क्रूड्रायव्हरने खाच उचका, पुन्हा चालू करा, तोवर आधीचा आवाज कानात कुठला राहतोय. शिवाय होल्डरच्या पत्र्यावर वर्षानुवर्षं काळपट थर साचलेला असतो, फ्यूज काढला-घातला की तो खरवडून निघतो. सैल कॉन्टॅक्ट असला तर तेवढ्याने खरंच फरक पडू शकतो, आणि त्यासाठी तोच जुना फ्यूज काढून परत घातला तरी भागतं. मी आधी तेच करून बघतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. हे महागडे फ्यूज ॲम्प चालू करतानाच्या झटक्याला कधीकधी उडतात, मग सल्ला मिळतो एक नंबर वरचा घाला. होल्डरजवळ टी-2-ए-एल असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला टी म्हणजे जर्मन ट्रेगं, सावकाश उडणारा, 2 अँपिअर, आणि एल म्हणजे मोठा शॉर्ट तोडायची ताकद कमी. तो आकडा ॲम्प बनवणाऱ्याने ट्रान्सफॉर्मर बघून ठरवलेला असतो. काहीजण तर फ्यूजच्या जागी सरळ तांब्याचा ठोकळा बसवतात, म्हणजे फिरून बाबांच्या त्या तांब्याच्या पदरापाशीच आलो, फक्त आता तो पॉलिश करून डबीत येतो.