देवी-उपासना, गोमंतकातील : हिंदू व बौद्ध परंपरा

देवीच्या रूपातील परमतत्त्वाशी साधकाचे किंवा गावाचे नाते जोडणारे विधी, व्रते, ध्यानपद्धती व उत्सव यांचा समुच्चय. गोव्यात या उपासनेचे तीन थर एकमेकांत मिसळलेले दिसतात : वारुळाच्या रूपात पुजली जाणारी भूदेवता, शाक्त-पौराणिक देवी आणि, बऱ्याच तुटक पुराव्यांनिशी, बौद्ध धर्मातील तारा (संकटांतून तारणारी देवी) व तिच्या परिवारातील देवता. पहिल्या दोन थरांची सामग्री विपुल आहे. तिसऱ्याविषयी लिहिताना मात्र गोव्याबाहेरील कोकण व कर्नाटकातील पुराव्याचा आधार घ्यावा लागतो.

दक्षिण गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथील जांभ्या खडकावर कोरलेली प्रस्तरचित्रे १९९३ मध्ये उजेडात आली. बैल, चक्रव्यूहासारखी आकृती व इतर प्राण्यांबरोबर तेथे एक स्त्रीआकृती आहे. ती मातृदेवतेची असल्याचे मत मांडले गेले असले, तरी चित्रांचा काळ मध्याश्मयुगापासून लोहयुगापर्यंत कोठेही धरला जातो. एवढ्या मोठ्या पट्ट्यातून आजच्या देवीपर्यंत सरळ रेषा ओढणे धाडसाचे ठरेल.

सातेरी : गोव्याच्या गावोगावी ग्रामदेवता म्हणून सातेरी आढळते. तिचे मूळ रूप म्हणजे वारूळ, स्थानिक भाषेत रोयण. गाभाऱ्यात मूर्तीऐवजी मातीचे वारूळच असते. त्याला चांदीचा किंवा पितळेचा मुखवटा लावतात, वर पातळ नेसवतात, हार घालतात. मुखवटा उतरवला की उरते ती माती. बऱ्याच ठिकाणी सातेरीच्या जोडीला रवळनाथ हा ग्रामदेव असतो. भूमिका, माउली या देवताही याच वर्गात मोडतात.

वारुळाच्या पूजेची उपपत्ती हा या विषयातला सर्वांत वादग्रस्त भाग. रा. चिं. ढेरे यांनी वारूळ हे भूमीच्या योनीचे प्रतीक मानून सातेरी, भूमिका, रेणुका व लज्जागौरी (प्रजननाची देवी) या देवतांना एका सूत्रात गुंफले. पावसाळ्यापूर्वी व नंतर जमिनीतून आपोआप वर येणारी, आतून पोकळ व ओलसर अशी ही माती पेरणीवर जगणाऱ्या समाजाला सर्जनाची खूण वाटली, हे त्या मांडणीचे बलस्थान. गोव्यातच जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांची दिशा वेगळी होती. मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या संगमावर, भटक्या टोळ्या एकत्र येत अशा जागी असतात, असे त्यांनी प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रातील पाहणीवरून दाखविले. गोव्यातील ठाण्यांना हे अनुमान कितपत लावता येते, ते गावागणिक तपासावे लागेल, कारण सातेरीची बहुतेक देवळे वाटेपेक्षा भातशेती व गावकरीच्या (गावाच्या सामाईक जमिनीच्या) व्यवस्थेशी बांधलेली दिसतात. वारूळपूजेचा संबंध सुमेरियन संस्कृतीशी जोडण्याचाही प्रयत्न झाला आहे. त्याला नामसाम्यापलीकडे आधार नाही. एकंदरीत ढेरे यांची उपपत्ती अधिक समाधानकारक वाटते. मात्र सगळ्याच सातेरींना ती सारख्याच ताकदीने लागू पडते असे नव्हे, कारण काही ठिकाणी वारूळ हे नागाचे वसतिस्थान म्हणूनच पूज्य आहे.

शांतादुर्गा : शिव व विष्णू यांच्यातील युद्ध मिटवणारी, म्हणून शांत झालेली दुर्गा, अशी तिची पौराणिक कथा. देवीने एका हाती शिवाला व दुसऱ्या हाती विष्णूला धरून दोघांना आवरले, असे सांगतात. मूर्तीच्या दोन्ही हातांतील सर्प हे त्या दोन देवांचे प्रतीक मानले जातात. अनेक अभ्यासकांच्या मते शांतादुर्गा हे सातेरीचेच संस्कृतीकरण होय. कथेला जागा करून देणारे हे सर्प मुळात वारुळातून आले असावेत, ही शक्यता त्या मताला पूरक आहे. शैव व वैष्णव अशा दोन्ही मतांचे कुलावी (कुलदेवतेचे उपासक) असलेल्या सारस्वत समाजात समेटाची ही कथा रुजली, यातही नवल नाही.

शांतादुर्गेचे मूळ स्थान दक्षिण गोव्याच्या साष्टी भागातील केळशी. पोर्तुगीज अमलात १५६० च्या दशकात साष्टी व बार्देश भागांतील देवळे पाडली गेली, तेव्हा तिची मूर्ती नदीपलीकडे अंत्रुज महालात (आजच्या फोंडा भागात), कवळे येथे नेण्यात आली. हा भाग त्या वेळी आदिलशाहीत होता. सध्याचे देऊळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले असून सातारच्या शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांचे साहाय्य त्याला लाभले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, रायची कामाक्षी शिरोड्याला. देवी हलली तरी तिचे मूळ गाव सुटत नाही : शिगम्यात फातर्प्याच्या देवीची मिरवणूक रंगीत छत्र्यांसह आजही कुंकळ्ळीत येते.

म्हार्दोळची म्हाळसा जेजुरीला खंडोबाची पत्नी, नेवाशाला मोहिनीराज आणि गोव्यात ‘म्हाळसा नारायणी’ आहे. वैष्णव तिला विष्णूचा मोहिनी अवतार मानतात. मूर्तीकडे पाहिले तर पायाखाली दैत्य, हातांत त्रिशूळ, खड्ग, छाटलेले मस्तक व पानपात्र असा सगळा थाट उग्र शाक्त देवीचा आहे. बांदिवड्याच्या महालक्ष्मीला लिखित पुरावा आहे. नागेशी येथील १४१३ च्या, विजयनगरकालीन शिलालेखात नागेशाबरोबर तिच्या देवस्थानाचाही उल्लेख येतो.

केळबाय या ग्रामदेवतेच्या नावाने पुजल्या जाणाऱ्या अनेक मूर्ती वस्तुतः गजलक्ष्मीच्या आहेत : कमळावर बसलेली देवी व दोहो बाजूंनी कलश ओतणारे हत्ती. गजलक्ष्मी मुळात कोणत्या धर्माची, हा प्रश्न फसवा आहे. सांची व भारहूत येथील बौद्ध शिल्पांत ती इसवी सनापूर्वीच कोरलेली आढळते. गोव्यातील मूर्ती मात्र बहुतांशी कदंब राजवटीच्या व त्यानंतरच्या काळातल्या दिसतात. त्यामुळे केळबायेचे मूळ बौद्ध ठरवण्याची घाई करू नये.

बौद्ध पुरावा : बार्देशातील कोलवाळ येथील मुशीर वाड्यावर फादर हेन्री हेरास यांना १९३० मध्ये बुद्धाची मस्तकविरहित मूर्ती सापडली. ती मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील हेरास संस्थेत आहे. चंद्रवर्मा नावाच्या राजाच्या ताम्रपटात शिवपूर येथील महाविहाराला जमीन दिल्याची नोंद असून त्याचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास धरला जातो. डिचोली तालुक्यातील लामगाव व सांगे भागातील रिवण येथील लेणी सर्वसाधारणपणे बौद्ध मानली जातात. हरवळ्याच्या लेण्यांविषयी एकमत नाही. पूर्वी तीही बौद्ध समजली जात. तथापि तेथील लिंगाच्या दांड्यावरील साधारण सातव्या शतकातला, ब्राह्मी अक्षरांतील संस्कृत लेख पाहता ती आरंभापासूनच शैव असावीत, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. या साऱ्यात देवीमूर्ती नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तारेची उपासना या किनाऱ्याला अपरिचित नव्हती, हे शेजारच्या पुराव्यावरून दिसते. कान्हेरीच्या लेण्यांत अष्टमहाभयांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वराच्या शिल्पपटात जहाज फुटण्याचे भयही कोरले आहे. पुढे तारा स्वतःच या आठ भयांची निवारक झाली. समुद्रावर पोट असलेल्या व्यापाऱ्यांना ती जवळची वाटली असल्यास आश्चर्य नाही. गदग जिल्ह्यातील डंबळ येथे सहावा विक्रमादित्य चालुक्य याच्या राजवटीत, १०९५ च्या लेखात, श्रेष्ठींनी उभारलेल्या विहारांच्या संदर्भात आर्यतारादेवीचा उल्लेख आहे. गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणून अकराव्या शतकात तारेचे भक्त गोव्याच्या बंदरांत येत-जात असणे संभवते. त्यापलीकडे जाऊन अमुक शांतादुर्गा ही पूर्वीची तारा, असे सांगितले जाते तेव्हा ते तर्कच समजावेत. दहा महाविद्यांतील (शाक्त तंत्रातील दहा देवींपैकी) हिंदू तारा बौद्ध तारेवरून आली की उलट, हाही स्वतंत्र वाद आहे. बौद्ध अग्रक्रमाच्या बाजूने अधिक अभ्यासक आहेत.

आचार : गावातली देवी-उपासना व्यक्तीच्या ध्यानापेक्षा गावाच्या संवादावर उभी आहे. गाऱ्हाणे घालून देवीला विचारायचे आणि कौल घ्यायचा. त्यासाठी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या देवीच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतात. प्रश्न मोठ्याने सांगितला जातो, मग सगळे गप्प राहून पाहत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर सहसा होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, जमिनीचा तंटा, आजारपण, देवळाची दुरुस्ती, सारे या पाकळ्यांवर ठरत आले आहे. नवरात्रातील मखरोत्सवात देवीची उत्सवमूर्ती सजवलेल्या मखरात बसवून, कीर्तनानंतर वाद्यांच्या तालावर मखर झुलवतात. त्या वेळी काही भक्तांच्या अंगात भार येतो.

पौष महिन्यातील धालो हा बायकांचा खास विधी. मांडावर (विधीसाठी राखलेल्या पवित्र जागेवर) शेणाने सारवून, समोरासमोर ओळी धरून रात्री गाणी गायली जातात. त्यांत भूमीला, देवतांना व वनातल्या शक्तींना आवाहन असते. पुरोहित नाही, संस्कृत मंत्र नाही. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत, वैशाख शुद्ध पंचमीला, व्रतस्थ धोंड (देवीचे भक्त) हातात वेताच्या काठ्या घेऊन होमखणाच्या (मोठ्या होळीच्या) निखाऱ्यांवरून चालत जातात. लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजेची मोरजाई यांसह सात बहिणी मानल्या जातात. त्यांतली मिराबाय म्हापशाची मिलाग्रिस सायबीण (ख्रिस्ती मेरीमाता) झाली, असे लोक सांगतात. तिच्या फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) हिंदूही तेल वाहतात.

तारेची साधना याहून अगदी निराळ्या वळणाची. तिबेटी परंपरेत साधक शरणगमन (बुद्ध, धर्म व संघ यांना शरण जाणे) व बोधिचित्त (सर्वांच्या हितासाठी बोधी मिळवण्याचा संकल्प) यांपासून सुरुवात करतो. कमळ व चंद्रासनावरील ‘तां’ या बीजाक्षरातून हिरवी तारा प्रकटली, तिचा उजवा पाय उठण्याच्या तयारीत खाली सोडलेला व हाती निळे उत्पल आहे, असे तो पाहतो. मग ‘ॐ तारे तुत्तारे तुरे स्वाहा’ या दहा अक्षरांचा जप होतो आणि शेवटी ते सारे रूप शून्यतेत विरते. उच्च साधनेत साधक स्वतःलाच देवतेच्या रूपात पाहतो व त्यासाठी गुरूकडून अभिषेक (साधनेची दीक्षा) घ्यावा लागतो. शाक्त तंत्रातील न्यास (स्वतःच्या अंगावर मंत्रांची स्थापना) आणि ‘देवो भूत्वा देवं यजेत्’ (देव होऊन देवाची पूजा करावी) हा दंडक याच्या जवळ येतो. फरक पडतो तो शेवटी : शाक्ताची देवी सत्यस्वरूप आहे, बौद्धाची तारा स्वभावशून्य, म्हणजे स्वतंत्र अस्तित्व नसलेली.

सर्व बौद्ध देवी-उपासक नाहीत, हे येथे सांगणे आवश्यक. सांखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी मराठीत बौद्ध धर्म आणला तो पाली ग्रंथांचा, ज्यात तारेला स्थान नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपती न मानण्याची प्रतिज्ञा आहे.

हणजूण, हरमल या किनारी भागांत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी प्रवासी स्थिरावले व पुढे योग-ध्यानाची शिबिरे वाढली. त्यांत तारेचा जप, दुर्गेची स्तोत्रे व आधुनिक स्त्रीतत्त्व-विचार एकत्र येतात. अशी शिबिरे पर्यटनाच्या हंगामापुरती, साधारणतः नोव्हेंबर ते मार्च चालतात. गावच्या महाजनांशी (देवस्थानाच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांशी), कौलाशी किंवा धालोच्या मांडाशी त्यांचा संबंध क्वचितच येतो.