सुट्टीत मुलं वाचन 'विसरतात' म्हणजे नक्की काय होतं?

सुट्ट्या लागल्या की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो, "सुट्टीत मुलं शिकलेलं निम्मं विसरतात", आणि खाली कुठल्यातरी क्लासची जाहिरात. आधी घाबरवा, मग विका. पण हा दावा मुळात आला कुठून हे शोधायला गेलं तर गोष्ट बरीच इंटरेस्टिंग निघते.

१९९६ साली अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेले ३९ अभ्यास एकत्र तपासले. लांब सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभर मागे गेलेली दिसली, गणितात जास्त, वाचनात कमी, आणि वाचनात तर बऱ्या परिस्थितीतल्या घरांतली मुलं उलट थोडी पुढे सरकलेली, गरीब घरांतली मागे पडलेली. बाल्टिमोरमध्ये १९८२ साली पहिलीत गेलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्यांनी यावर 'नळाची थिअरी' मांडली. शाळा चालू असते तेव्हा नळ सगळ्यांनाच चालू, सुट्टीत तो बंद झाला की ज्यांच्या घरी साठा आहे त्यांचंच भागतं. छान पटणारी थिअरी. पण २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल या संशोधकाने सांगितलं की जरा थांबा, त्या जुन्या अभ्यासात सुट्टीआधीची टेस्ट आणि सुट्टीनंतरची टेस्ट एकच नव्हती, गुणांची पट्टीही गडबडीची होती, नव्या पद्धतीच्या टेस्ट लावल्या की गरीब आणि बऱ्या घरांतल्या मुलांमधली दरी तेवढी रुंदावताना दिसत नाही. म्हणजे थोडी घसरण होत असेल, काही मुलांची जास्तही होत असेल, पण "निम्मं विसरतात" ही शुद्ध थाप आहे.

आणि विसरणं म्हणजे पुसलं जाणंही नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ सालीच दाखवलं होतं की पाठ केलेलं आठवत नसलं तरी दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणजे आत काहीतरी शिल्लक असतंच. सुट्टीनंतर अडखळत वाचणारं मूल शून्यावर आलेलं नसतं, त्याचा वेग गेलेला असतो.

आता माझा आवडता भाग. वाचायला शिकताना डोक्यात नेमकं काय होतं?

बोलणं मुलाला कुणी शिकवावं लागत नाही, आसपास बोलणारी माणसं असली की ते येतं. वाचनाचं तसं नाही, लिपी ही चीजच जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षांची, तेवढ्यात मेंदूत वाचनासाठी खास जागा तयार व्हायला उत्क्रांतीला वेळच मिळालेला नाही. मग मेंदू जुगाड करतो. डाव्या बाजूला, मागच्या भागात खालच्या अंगाला एक पट्टा आहे जो वस्तू, चेहरे वगैरे ओळखायचं काम करतो, त्यातला एक तुकडा वाचन शिकताना अक्षरांना दिला जातो. स्तानिस्लास दहान आणि लोराँ कोएन या फ्रेंच संशोधकांनी यावर भरपूर काम केलंय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० मुलांच्या मेंदूचे स्कॅन पहिलीच्या वर्षात साधारण दर दोन महिन्यांनी काढले, तर शाळा सुरू झाल्यावर काही महिन्यांतच तो तुकडा लिहिलेल्या शब्दांना प्रतिसाद देताना दिसायला लागला.

पण त्या तुकड्यात शब्द बसतात कसे? शब्दाचं चित्र पाठ होतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. समजा मूल 'कष्टकरी' हा शब्द पहिल्यांदा वाचतंय. क... मग ते जोडाक्षर, तिथे थांबतं, ष की श, ट की ठ, "कश्... ट... कश्टकरी" असं काहीतरी तोंडातून येतं, आणि हा आवाज कुठेतरी ऐकलेल्या शब्दाशी जुळला की चेहरा उजळतो, अच्छा कष्टकरी! त्या क्षणी तीन गोष्टी एकमेकींना चिकटतात, अक्षरांचा क्रम, उच्चार आणि अर्थ. असं थोड्या वेळा झालं की पुढच्या वेळी फोड करावीच लागत नाही, शब्द बघताक्षणी वाचला जातो, इतका की न वाचायचं ठरवलं तरी वाचला जातो.

वाचनाचे संशोधक डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये याला मूल स्वतःच स्वतःला शिकवतं असं म्हटलं आणि १९९९ मध्ये हिब्रू वाचणाऱ्या दुसरीतल्या मुलांवर प्रयोग केले. गोष्टींमध्ये बनावट शब्द पेरले, चार किंवा सहा वेळा, मुलांनी कुणाच्याही मदतीशिवाय मोठ्याने वाचलं, आणि तीन दिवसांनी विचारलं की यातलं कुठलं स्पेलिंग होतं. आपल्याकडे 'कुषीम' आणि 'कुशीम' यातलं कुठलं विचारावं तसं, उच्चार सारखाच, त्यामुळे कानाने ओळखणं शक्यच नाही. बहुतेक वेळा मुलांनी गोष्टीतलंच निवडलं! चार वेळा वाचण्यात एवढं काम होतं. आणि वाचताना तोंड भलत्याच निरर्थक उच्चारात गुंतवून ठेवलं की शिकणं घसरलं, म्हणजे नुसतं डोळ्यांसमोरून शब्द जाऊन भागत नाही, अक्षरावरून आवाज काढायलाच लागतो.

आपल्या लिपीत यात एक गंमत आहे. 'चिमटा' मध्ये पहिली वेलांटी आधी दिसते पण तिचा आवाज 'च्'च्या नंतर येतो, म्हणजे डोळ्यांचा क्रम आणि जिभेचा क्रम उलटा. मोठ्यांना हे जाणवतच नाही, नवशिक्या मुलाला जाणवतं. त्यात जोडाक्षरं, रफार, अर्धा र. त्यामुळे ही सगळी जोडणी पक्की व्हायच्या आत मोठी सुट्टी आली तर पहिली-दुसरीतलं मूल जास्त अडखळणार, चौथी-पाचवीतलं कमी.

यावरून एक गोष्ट उघड होते. मूल अडलं की "चित्र बघ, अंदाज कर" असं सांगणं चुकीचं आहे. अंदाज बरोबर आला तरी नजर अक्षरांवरून हटलेली असते, चिकटायचं काय? त्यापेक्षा चार-पाच सेकंद गप्प बसावं, मग पहिलं अक्षर दाखवावं, तरीही नाही आलं तर सरळ सांगून टाकावं आणि पुढे जावं. दुसरं म्हणजे आवाज जुळायला शब्द आधी ऐकलेला हवा, म्हणून गप्पा मारणं आणि गोष्टी वाचून दाखवणं हेही वाचनाचंच काम आहे. ऑडिओबुकने शब्दसंपत्ती वाढेल, अक्षरं पक्की होणार नाहीत.

जाता जाता, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात, 'मिडब्रेन' म्हणजे मेंदूचा मधला भाग 'अॅक्टिव्हेट' झाला म्हणे, हाही सुट्टीतलाच बिझनेस आहे. नाकाच्या बाजूच्या फटीतून खाली दिसतं, जादूगारांना ही ट्रिक पूर्वीपासून माहीत आहे. पुस्तक चेहऱ्यासमोर उंच धरा किंवा ती फट नीट बंद करा, शक्ती तिथल्या तिथे गायब. यात मूल फसवायला शिकतं आणि पालक पैसे भरतात.

पुस्तकं कुठली द्यायची? रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रांझन यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी १२ पुस्तकं दिली, निवड मुलांची. पॉप स्टारवगैरेंची पुस्तकं भरपूर उचलली गेली, मोठ्यांना आवडली नसतीलच. तरी फायदा दिसला, छोटाच पण खरा. जेम्स किम या संशोधकाच्या अभ्यासात मात्र नुसती पुस्तकं देण्यापेक्षा मुलाला मोठ्याने वाचायला लावणं आणि वाचलेल्याबद्दल बोलणं याची जोड दिली तेव्हा परिणाम चांगला आला. त्यामुळे कॉमिक्स चालतील, तेच पुस्तक पाचव्यांदा वाचलं तरी चालेल (परत वाचल्याने वेग वाढतो), पण रोज थोडा वेळ शेजारी कुणीतरी ऐकायला हवं.

हे सगळं ज्याला अक्षरं फोडता येतात त्याच्यासाठी. सुट्टी लागतानाच ज्याला मात्रा-वेलांट्या जमत नव्हत्या त्याच्यापुढे पुस्तकांचा ढीग ठेवून काही होणार नाही, त्याला रोज दहा-पंधरा मिनिटं अक्षर आणि आवाजाची जोडणीच घ्यावी लागेल, आधी साधी, मग काना-मात्रावाली, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत गाडी हलली नाही तर आळशी म्हणून ओरडू नका, डोळे आणि कान तपासून घ्या, आणि डिस्लेक्सियाची (हुशार मुलालाही वाचन जड जाण्याची अडचण) तपासणी करणाऱ्याकडे न्या.