चरबीच्या पेशी वाढल्या, साखर उतरली

वजन कमी करा म्हणणारे डॉक्टर मधुमेहाच्या काही रुग्णांना पायोग्लिटाझोन लिहून देतात. या गोळीने वजन थोडं वाढतं. चरबीच्या नव्या पेशी तयार होतात. आणि तरीही रक्तातली साखर उतरते!

इन्सुलिन पेशीच्या बाहेरच थांबतं, निरोप तेवढा आत जातो. ही गोळी मात्र थेट केंद्रकात पोचते आणि पीपार-गॅमा नावाच्या प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन आपल्या जोडीदारासह डीएनएवर बसलेलं असतं. औषध चिकटलं की प्रथिनाचा आकार बदलतो आणि ठरावीक जनुकं कामाला लागतात. माणसात अशी ४८ केंद्रकीय ग्राही (निरोप झेलून जनुकांना हुकूम देणारी) प्रथिनं आहेत. थायरॉइड, कॉर्टिसॉल, ड जीवनसत्त्व यांचे हुकूम त्यांच्यामार्फतच सुटतात. गॅमाला एरवी मेदाम्लं चिकटतात, म्हणजे पोटात गेलेलं तूपतेल जनुकांशी बोलतं.

गॅमाच्या हुकमाने त्वचेखाली लहान, ताज्या चरबीपेशी तयार होतात. फडताळं भरली की सामान वाटेत पडतं, तशी जागा न मिळालेली चरबी यकृतात आणि स्नायूंत साठते आणि तिथे इन्सुलिनचं काही चालत नाही. नव्या पेशी ती ओढून घेतात. गॅमाच्या जनुकातच दोष असलेल्या माणसांचे हातपाय चरबीविना शिडशिडीत असतात, पण मधुमेह मात्र तीव्र.

अंगावर दिसणाऱ्या चरबीवरून अंदाज बांधणं म्हणूनच फसवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२! हा काही जनुकाचा दोष नव्हे. पण हे आकडे कळल्यापासून बीएमआयवरचा माझा विश्वास उडाला.

गंमत म्हणजे पायोग्लिटाझोनच्या गटातली औषधं आधी आली, ती कशी चालतात ते नंतर कळलं. १९८०च्या दशकात जपानमध्ये ती उंदरांवर परिणाम बघून निवडली गेली. ती गॅमाला चिकटतात हे १९९५मध्ये कळलं. गॅमा मूत्रपिंडातही असल्याने अंगात पाणी साठतं, म्हणून हृदय कमकुवत असलेल्यांना ही गोळी देत नाहीत. याच गटातल्या रोझिग्लिटाझोनवर भारतात २०१०मध्ये बंदी आली. पायोग्लिटाझोन २०१३मध्ये थांबवलं गेलं आणि काही आठवड्यांतच, मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापून, परत आलं.

आता नेम नेमका धरायचा प्रयत्न चालू आहे. अमेरिकेत मार्च २०२४मध्ये मंजूर झालेलं रेस्मेटिरोम हे औषध थायरॉइडच्या अल्फा आणि बीटा या दोन ग्राहींपैकी बीटालाच जास्त चिकटतं. यकृतात तोच प्रामुख्याने असतो, हृदयात अल्फा. त्यामुळे यकृतातली चरबी जळते आणि छातीत धडधड होण्याचा धोका कमी राहतो.