नाकेबंदी चुकवून आलेली पत्रं: 'ब्लॉकेड कव्हर' नक्की कशाला म्हणायचं?

अमेरिकन यादवीच्या काळातली पाकिटं लिलावाला आली की यादीत 'ब्लॉकेड कव्हर' (कव्हर म्हणजे टपालातून गेलेलं पाकीट) हा शब्द हमखास असतो, आणि तो शब्द आला की भाव कुठल्या कुठे जातो. यादवी का झाली, कोण कुठल्या बाजूला होतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. एवढंच लक्षात असू द्या की उत्तरेच्या सरकारने फुटून निघालेल्या दक्षिणेची बंदरं समुद्रातून अडवली, आणि ज्या नाकेबंदीमुळे अमेरिकेचा कापूस अडकला, आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईला शेअरचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये सगळा डोलारा कोसळला, तीच ही नाकेबंदी. कापसाच्या गाठी अडकल्या तशीच पत्रंही अडकली, आणि त्यातली थोडी निसटली. ती निसटलेली पत्रं म्हणजे आपला विषय.

आता खरी गुंतागुंत. नाकेबंदी सुरू कधी झाली? सोपं उत्तर १९ एप्रिल १८६१, त्या दिवशी उत्तरेच्या सरकारने जाहीरनामा काढला, मग २७ एप्रिलला त्यात व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना घातले. पण जाहीरनामा निघाला म्हणजे समुद्रात लगेच जहाजं उभी राहिली असं नाही ना! किनारा साडेतीन हजार मैलांचा आणि आरमार तेव्हा अगदीच तोकडं. दक्षिणेच्या बंदरांपैकी चार्ल्स्टनसमोर पहारा बसला मे महिन्यात, न्यू ऑर्लीन्सला मे संपता संपता, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला तर जुलै उजाडला. आणि १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की नाकेबंदी खरोखर अमलात असेल तरच ती इतर देशांवर बंधनकारक. म्हणजे कागदावरची नाकेबंदी ही नाकेबंदीच नाही. दुसरं म्हणजे उत्तरेला 'आम्ही आमचीच बंदरं बंद करतोय' असंही म्हणता आलं असतं, पण त्यांनी 'नाकेबंदी' हाच शब्द घेतला, आणि नाकेबंदी घालतात ती शत्रूच्या किनाऱ्यावर. ब्रिटनने १३ मेला तटस्थता जाहीर करून दोन्ही बाजूंना लढणारे पक्ष मानलं. ही नाकेबंदी कायद्यात बसते का हा वाद पुढे उत्तरेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८६३ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या मतांनी नाकेबंदी कायदेशीर ठरली.

हे सगळं वकिली वाटेल पण तिकीटसंग्राहकाला याचा थेट फटका बसतो. समजा मे १८६१ च्या मध्याला एक पत्र परदेशातून जहाजाने न्यू ऑर्लीन्सला उतरलं. जाहीरनामा निघालेला आहे, बंदरासमोर कोणीच नाही, आणि दक्षिणेचं टपालखातंही अजून सुरू नाही (ते १ जूनला सुरू झालं, तोवर जुनेच दर आणि जुनेच शिक्के चालू होते). हे ब्लॉकेड कव्हर म्हणायचं का? विकणारा 'हो' म्हणतो, कारण तारीख १९ एप्रिलनंतरची आहे. माझं मत अगदी ठाम 'नाही' असं आहे. जिथे चुकवायला पहाराच नव्हता तिथे चुकवलं काय? ज्या त्या बंदरावर पहारा बसल्याची तारीख धरावी. यामुळे काही छान पाकिटं यादीतून गळतात, पण गळू देत.

दुसरा घोळ जागेचा. टेक्सासच्या टोकाला रिओ ग्रांदे नदी, अलीकडे ब्राउन्सव्हिल, पलीकडे मेक्सिकोचं मातामोरोस. मेक्सिको तटस्थ, त्याच्या बंदराला नाकेबंदी लावता येत नव्हती, म्हणून पत्र मातामोरोसला उजळ माथ्याने उतरायचं आणि नदी ओलांडून दक्षिणेत जायचं. मिसिसिपी नदीवर तर उत्तरेच्या तोफनौका फिरत होत्या, ती ओलांडून रात्री लपतछपत टपाल नेण्यासाठी १८६३ पासून ४० सेंटांचा खास दर होता. शिवाय पांढरं निशाण लावून दोन्ही बाजूंच्या संमतीने, उघडून तपासून अदलाबदल होणारी पत्रं, त्यात युद्धकैद्यांची बरीच. या तिन्ही प्रकारांना सर्रास 'ब्लॉकेड' म्हणतात. प्रत्येकाचा मान मोठाच आहे, पण समुद्रावरचा पहारा चुकवून आलेलं पत्र ही वेगळीच गोष्ट आहे हो, ते एकाच टोपलीत टाकू नये.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा काळ १८६३-६४ चा, विल्मिंग्टनचा. न्यू ऑर्लीन्स एप्रिल १८६२ लाच पडलं होतं, चार्ल्स्टनवर दडपण वाढत होतं, मग सगळा ओघ विल्मिंग्टनकडे वळला. तिथून बहामातलं नासाऊ साधारण ५७० मैल, बर्म्युडा ६७४ (दोन्ही तटस्थ ब्रिटनच्या ताब्यातली), नीट चाललं तर तीनेक दिवसांचा प्रवास. जहाजं लांब, बुटकी, राखाडी रंगाची, धूर दिसू नये म्हणून अँथ्रासाइट कोळसा, रात्र अमावास्येच्या आसपासची. वाफेच्या जहाजांनी मिळून सुमारे १३०० खेपांचा प्रयत्न केला आणि त्यातल्या हजारावर पार पडल्या असा हिशोब आहे. म्हणजे पत्र पोचण्याची शक्यता वाटते तितकी वाईट नव्हती, दुर्मिळता आहे ती नंतर टिकण्याची.

आत येणाऱ्या पत्राची रीत अशी होती. लिव्हरपूलहून माणूस पत्र पाकिटात घालायचा, वर दक्षिणेतला पत्ता लिहायचा, आणि ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून नासाऊच्या आडत्याकडे पाठवायचा. आडत्या बाहेरचं पाकीट काढून टाकायचा (इंग्लंडचं तिकीट, शिक्के सगळं त्याच्याबरोबर गेलं!) आणि आतलं जहाजाच्या कॅप्टनच्या हातात द्यायचा. विल्मिंग्टनला उतरलं की टपाल कचेरीत त्यावर 'शिप' असा शिक्का आणि शेजारी आकडा. या आकड्यावर माझा फार जीव आहे. १२ असेल तर १० सेंट आतल्या प्रवासाचे आणि २ सेंट जहाजाचे. २२ असेल तर वजन दुप्पट, म्हणजे दोनदा १० आणि वर २, जहाजाचे २ मात्र एकदाच. पत्र त्या बंदरातच द्यायचं असेल तर फक्त ६. आणि ७ दिसला तर समजायचं १ जुलै १८६२ च्या आधीचं आणि ५०० मैलांच्या आतलं, कारण तोवर जवळचा दर ५ सेंट होता, मग सगळीकडे १० झाला. खोटं पाकीट बहुतेक वेळा इथेच उघडं पडतं, करणारा शिक्का सुरेख कोरतो पण त्याचा हिशोब चुकतो. कागदाकडेही बघावं. दक्षिणेत तेव्हा कागदाची इतकी टंचाई की लोक वॉलपेपरची पाकिटं करत, आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा वापरत, आणि बाहेरून आलेलं पत्र मात्र चांगल्या इंग्लिश कागदाचं.

बाहेर जाणाऱ्या पत्रांची कथा उलटी आणि मला तरी जास्त चटका लावणारी. तिथेही पाकिटात पाकीट, पण आतल्या पाकिटावर दक्षिणेची काहीच खूण नाही. ते जणू नासाऊलाच जन्माला आलं, तिथला शिक्का, मग ब्रिटिश टपालाने पुढे, आणि नासाऊहून इंग्लंडला जाणारं टपाल बऱ्याचदा ब्रिटिश आगबोटीने न्यूयॉर्कमार्गे जायचं! म्हणजे ज्या उत्तरेने दार लावलं तिच्याच बंदरातून हे पत्र मोहोरबंद थैलीत निघून गेलं. हे दक्षिणेतून आलं याचा पुरावा एकच, आतलं पत्र, ज्याच्या वर 'चार्ल्स्टन' आणि तारीख लिहिलेली. आणि अनेक पिढ्यांच्या संग्राहकांनी आणि व्यापाऱ्यांनी काय केलं, तर अल्बमात पाकीट सपाट बसावं म्हणून आतली पत्रं काढून टाकली. अशी कितीतरी पाकिटं आज साध्या बहामा कव्हर म्हणून कुठेतरी पडलेली असणार. लिलावात आत येणाऱ्यांनाच मान, कारण त्यांच्यावर ठसठशीत 'शिप' असतं. बाहेर जाणारं पाकीट आतल्या पत्रासकट मिळालं तर मी तेच घेईन.

तिसरी एक जात आहे, पोचलीच नाहीत अशी पत्रं. जहाज पकडलं गेलं की माल आणि कागद उत्तरेच्या प्राइझ कोर्टात (पकडलेल्या जहाजांचा निवाडा करणाऱ्या न्यायालयात) जायचे, पत्रं पुरावा म्हणून उघडली जायची, कारकून त्यावर शाईने क्रमांक टाकायचा. एप्रिल १८६२ मध्ये 'बर्म्युडा' नावाचं जहाज पकडलं तेव्हा त्यावर लंडनमध्ये दक्षिणेसाठी छापलेली ५ सेंटांची तिकिटं होती, ती पाण्यात फेकून दिली गेली.

अलीकडे या विषयाला नवा जोर आलाय तो डिजिटल वर्तमानपत्रांमुळे. नासाऊ आणि बर्म्युडाला बसलेले उत्तरेचे वाणिज्यदूत कुठलं जहाज कधी आलं-गेलं ते सतत कळवत होते, ते अहवाल, बंदरातल्या वर्तमानपत्रांतल्या नोंदी, आणि पाकिटावरची तारीख एकापुढे एक ठेवली की बऱ्याचदा नेमकं जहाज सापडतं. पूर्वी तज्ज्ञाचं सर्टिफिकेट म्हणजे शिक्क्याच्या शाईवरचं मत असायचं, आता 'त्या आठवड्यात तिथे कुठलं जहाज पोचलं होतं का' हा प्रश्न आधी येतो, आणि जुनी सर्टिफिकेटं असलेली पाकिटंसुद्धा त्यात नापास होतात.

विल्मिंग्टनचा शेवट ठाऊक असला की तारीख तपासणं सोपं जातं. १५ जानेवारी १८६५ ला नदीच्या तोंडावरचा फोर्ट फिशर पडला. उत्तरेच्या लोकांनी खुणेचे दिवे तसेच पेटते ठेवले, आणि चारपाच दिवसांनी 'स्टॅग' आणि 'शार्लट' ही दोन जहाजं नेहमीसारखी रात्रीची आत शिरून नांगर टाकून बसली आणि अलगद हाती लागली. शहर पडलं २२ फेब्रुवारीला, म्हणजे मधला महिनाभर टपाल कचेरी दक्षिणेच्याच ताब्यात होती पण समुद्राकडून येणारं काही उरलं नव्हतं. त्या महिन्यातली तारीख असलेलं विल्मिंग्टनचं 'शिप १२' कोणी दाखवलं तर पैसे देण्याआधी ते नक्की कुठल्या जहाजाने आलं हे विचारा.