ओझरच्या विमानातली काच आणि सर्जनचा चष्मा

'आता डॉक्टरांना चष्म्यातून कातडीखालचं हाड दिसणार' अशा बातम्या अधूनमधून फिरतात. चष्म्याला आतलं काहीही दिसत नाही. त्याच्या पारदर्शक काचेतून समोरचं खरं जग दिसतं आणि त्यावर तो दाखवतो आधी काढलेल्या सीटी स्कॅनचं त्रिमिती चित्र.

खरी गोम आहे ते चित्र किती लांब दिसतं यात. नाशिककरांना ओझरच्या विमान कारखान्यातली सुखोई लढाऊ विमानं परिचयाची आहेत. त्यांत वैमानिकासमोरच्या काचेवर वेग आणि उंचीचे आकडे उमटतात, पण भिंगांमुळे ते क्षितिजापलीकडे असल्यासारखे दिसतात. वैमानिकाची नजरही लांबच असते, म्हणून डोळ्यांना फोकस बदलावा लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्ससारख्या चष्म्यात हे अंतर साधारण २ मीटरवर पक्कं केलेलं असतं. सर्जनचे हात असतात अर्ध्या मीटरवर.

आता थोडं गणित. फोकस डायॉप्टरमध्ये मोजतात, म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर. २ मीटरला ०.५, अर्ध्या मीटरला २. फरक दीड डायॉप्टर. जवळ बघताना डोळे आतही वळतात. डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये ६३ मिलिमीटर अंतर धरलं, तर दोन्ही नजरांमधला कोन २ मीटरला १.८ अंश आणि अर्ध्या मीटरला ७.२ अंश होतो. चित्र हाताशी आणलं की डोळे ७.२ अंशांनी वळतात, फोकस मात्र ०.५ डायॉप्टरवरच ठेवावा लागतो. एरवी या दोन हालचाली जोडीनेच होतात. त्यांची फारकत झाली की डोकं जड होतं, आणि ड्रिलचं टोक स्पष्ट दिसावं तर चित्र पुसट होतं.

म्हणून हा चष्मा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी जास्त कामाचा. मणक्याचं चित्र २ मीटरवर, हवं तेवढं मोठं करून ठेवायचं, हाडात बसवायच्या स्क्रूची जाडी, लांबी आणि कोन बदलून बघायचा, शेजारी सीटीचे काप (शरीराच्या पातळ छेदांची चित्रं) उघडे ठेवायचे. काप १ मिलिमीटरच्या आसपास हवेत. ३ मिलिमीटरचे घेतले तर हाडाच्या पृष्ठभागावर पायऱ्या दिसतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत हाडावर फक्त स्क्रूचा प्रवेशबिंदू आणि दिशेची रेघ दाखवावी. आकडे बाजूला, लांबच्या फलकावर. निर्जंतुक हातांनी बटण दाबता येत नाही, रक्त ओढून घेणाऱ्या सक्शन यंत्राच्या आवाजात तोंडी आज्ञा चुकीची ऐकली जाते. 'चित्र लपव' एवढ्या एका कामासाठी तरी पायाखाली पेडल हवंच.