संस्था-दप्तर सेवा (नाशिक)

सार्वजनिक विश्वस्तसंस्था, शिक्षणसंस्था, वाचनालये, देवस्थाने आणि सेवाभावी मंडळे यांचे नोंदणीचे, सभांचे, हिशेबाचे व अनुदानाचे कागद सांभाळून देणारी सल्लासेवा. नाशिकमध्ये हे काम धर्मादाय कार्यालयात (सार्वजनिक विश्वस्तसंस्थांची नोंदणी पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात) वकिली करणारे, सनदी लेखापाल आणि संस्थांतून निवृत्त झालेले अनुभवी कार्यालयीन अधीक्षक करतात. बोलीत याला ‘संस्थेचे काम पाहणे’ म्हणतात.

नाशिकमध्ये संस्थाजीवन जुने आहे. सार्वजनिक वाचनालय 1840 चे, मराठा विद्या प्रसारक समाज 1914 चा. आदिवासी विकास आयुक्तालयही याच शहरात असल्याने पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण भागात काम करणाऱ्या लहान संस्थांना कागद घेऊन इथेच यावे लागते. मोठ्या संस्थेत स्वतंत्र कार्यालय असते. अडचण होते ती पाड्यावर बालवाडी किंवा पाण्याचे काम नेटाने करणाऱ्या पाच-सात जणांच्या संस्थेची, कारण तिथे दप्तर म्हणजे सचिवाच्या घरातली एक पिशवी असते.

महाराष्ट्रात बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान 7 सभासदांनी नोंदणी करायची आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खालीही करायची. म्हणून लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात. त्यातला ‘एफ’ने सुरू होणारा दुसऱ्या कायद्याचा. संस्थेचे विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, हे ज्या नोंदीवरून ठरते तिला परिशिष्ट एक म्हणतात. बँक, शिक्षण खाते, कंपनी, सगळे आधी तिचाच उतारा मागतात.

बदल अर्ज. या सेवेचा गाभा इथे आहे. विश्वस्त बदलले, वारले, त्यांनी राजीनामा दिला किंवा मालमत्ता वाढली, तर या 1950 च्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत परिशिष्ट तीनच्या नमुन्यात बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात. सोबत सभेची नोटीस, ती पोहोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठरावाची नक्कल, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला आणि शपथपत्र जोडतात. 2017 च्या दुरुस्तीनुसार विश्वस्तबदलाला 15 कामकाजी दिवसांत तात्पुरती मान्यता देऊन 30 दिवसांत हरकती मागवता येतात. उशीर झाला असेल तर सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागावी लागते.

अर्ज अडतो तो बहुधा प्रोसिडिंग बुकमुळे, म्हणजे सभांचे इतिवृत्त लिहिण्याच्या वहीमुळे. नीट लिहिलेल्या पानावर सभेची तारीख, वेळ, ठिकाण, गणपूर्ती, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते’ की बहुमताने, हे सगळे असते. पाने आधीच क्रमांकित असतात आणि मध्ये कोरी जागा सोडलेली नसते. नेहमीची चूक अशी : नोटिशीत ‘अहवाल वाचन, हिशेब मंजुरी, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ एवढेच असते आणि ऐनवेळच्या विषयांत नवे कार्यकारी मंडळ निवडले जाते. निवडणुकीचा विषय अजेंड्यावर नसल्याने गैरहजर सभासदाची हरकत टिकते आणि अर्ज फेटाळला जाऊ शकतो. दुसरी चूक नोटिशीच्या मुदतीची. संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) 15 दिवस लिहिलेले असताना 10 दिवसांत सभा घेतली जाते. पूर्वी यूपीसीचा, म्हणजे पत्र टपालात टाकल्याच्या दाखल्याचा, शिक्का पुरावा म्हणून चालत असे. टपाल खात्याने ती सोय 2011 मध्ये बंद केली. आता पाड्यांवर नोटीसबुक फिरवून तारखेसह सही किंवा अंगठा घेणे सर्वांत खात्रीचे. व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस पाठवायची असेल, तर घटनेत तशी तरतूद आधी करून घ्यावी.

एक अर्ज प्रलंबित राहिला की पुढचे त्याच्यामागे अडकतात. 2010 च्या अर्जाचा निकाल नसताना 2015 आणि 2020 च्या मंडळांचे अर्ज येतात, मग सभा बोलावणाऱ्यांना तो अधिकार होता का, हाच वाद उभा राहतो. परिशिष्टावर मात्र दिवंगत माणसांची नावे तशीच राहतात. अशा वेळी सर्वांत जुन्या अर्जापासून सुरुवात करावी लागते. नवा अर्ज पुढे रेटून काही साधत नाही. सभासद रजिस्टर अद्ययावत नसेल, तर आधी ते.

हिशेब व कर. वर्ष 31 मार्चला संपते. अंदाजपत्रक लागू असलेल्या संस्थांनी ते वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी धर्मादाय कार्यालयात द्यायचे असते. लेखापरीक्षण झाल्यावर ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये, आय-व्यय परिशिष्ट नऊमध्ये. 12 ए (संस्थेच्या करसवलतीची नोंदणी), 80 जी (देणगीदाराची करसवलत) ही 1961 च्या आयकर कायद्यातली नावे नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून आला तरी लोकांच्या तोंडी आहेत. रोख देणगी 2,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर देणगीदाराला सवलत मिळत नाही, हे पावती फाडतानाच सांगावे.

कंपन्यांचा निधी. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांकडे सीएसआरसाठी (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी) जाताना सीएसआर-1 ही त्या निधीसाठीची सरकारी नोंदणी, तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव आणि लेखापरीक्षित हिशेब लागतात. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या सेवाभावी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांकही बहुधा मागतात. इथे अनेकदा नावाचे स्पेलिंग आडवे येते. परिशिष्टावर ‘शिक्षण प्रसारक मंडळ’, पॅनवर इंग्रजीत ‘शिक्षण’चे एक स्पेलिंग, बँकेत दुसरे. पॅन दुरुस्त करून मगच पुढचे अर्ज भरावेत, उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक ठिकाणी पुन्हा दुरुस्ती करावी लागते.

शुल्क. कामाच्या टप्प्यांनुसार लेखी ठरलेले बरे. मंजूर अनुदानाच्या टक्क्यावर शुल्क मागणारा सल्लागार नेमू नये. तो खर्च अनुदानाच्या अटींत सहसा बसत नाही आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो. कोऱ्या लेटरहेडवर किंवा कोऱ्या कागदावर सह्या करून देऊ नयेत. मूळ प्रोसिडिंग बुक संस्थेतच ठेवावे, सल्लागाराकडे झेरॉक्स पुरते. संस्थेची जागा विकताना किंवा इमारत 3 वर्षांहून अधिक, शेतजमीन 10 वर्षांहून अधिक भाड्याने देताना 1950 च्याच कायद्याच्या कलम 36 ची पूर्वपरवानगी लागते; सल्लागाराने ती आठवण इसाराआधी द्यायला हवी.

बदल अर्ज मंजूर झाला म्हणजे काम संपले असे समजून अनेक सचिव आदेशाची प्रत घेऊन घरी जातात. आदेशानुसार परिशिष्ट एकवर प्रत्यक्ष नोंद झाली का, हे स्वतः पाहावे आणि त्यानंतरच उताऱ्याच्या प्रमाणित नकला मागाव्यात : एक बँकेसाठी, एक आयकरासाठी, एक दप्तरात.