रोमानियन : अर्थ आणि वापर

रोमानियन हा इंग्रजी शब्द तीन ठिकाणी वापरतात. रोमानिया देशाच्या कुठल्याही गोष्टीला विशेषण म्हणून, तिथल्या माणसाला, आणि तिथल्या भाषेलाही, म्हणजे रोमानियन पासपोर्ट, एक रोमानियन, आणि ती रोमानियन बोलते, तिन्ही बरोबर. इंग्रजीत पहिलं अक्षर कायम कॅपिटल, अनेकवचनाला शेवटी एस. इंग्रजी उच्चार रोमेनियनच्या जवळ जातो, मराठीत आपण देशाच्या नावाला धरून रोमानियन लिहितो आणि ते चालतं. जुन्या मराठी लिखाणात रुमानिया सापडतं, इंग्रजीतही पूर्वी ओच्या जागी यू किंवा ओयू असायचं, देश तोच.

मूळ शब्द लॅटिन, रोमचा या अर्थाचा. सम्राट ट्रेजनने इ.स. 106 मध्ये डेशिया, म्हणजे आजच्या रोमानियाच्या भागातला जुना प्रदेश, जिंकलं तेव्हापासून तिथे लॅटिन रुजली असं मानतात, म्हणून ही भाषा इटालियन, फ्रेंच, स्पॅनिशची बहीण, पण आजूबाजूला सगळे स्लाव्ह आणि हंगेरियन, त्यामुळे होकाराला 'दा' म्हणतात, तो स्लाव्ह शब्द. सगळ्यात जुनं टिकलेलं रोमानियन पत्र 1521 चं आहे, कंपुलुंगच्या नीक्शूने ब्राशोवच्या नगरप्रमुखाला तुर्कांच्या हालचाली कळवल्या होत्या, आणि ते सिरिलिक, म्हणजे रशियन लिहितात तशा लिपीत आहे! लॅटिन लिपी एकोणिसाव्या शतकात आली. मोल्डाव्हिया आणि वालाकिया या दोन रियासती 1859 मध्ये अलेक्झांड्रू इओन कुझाच्या हाताखाली एकत्र आल्या, आणि 1866 च्या राज्यघटनेत देशाचं नाव रोमानिया पक्कं झालं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ही खरंच थांबायला हवी. रोमानियन आणि रोमानी हे दोन पूर्ण वेगळे शब्द आहेत. रोमानी म्हणजे रोमा लोकांची भाषा, ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणायचे आणि आता तो शब्द बऱ्याच जणांना अपमानाचा वाटतो. त्यांच्या 'रोम' शब्दाचा रोम शहराशी काही संबंध नाही, तो त्यांच्या भाषेत पुरुष किंवा नवरा या अर्थाचा आहे. आणि गंमत म्हणजे मराठी माणसाला रोमानियनपेक्षा रोमानी जवळची, कारण ती आपल्यासारखीच भारतीय-आर्य भाषा आहे, मोजताना येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, पाण्याला पानि, माणसाला मनुश. वालाकिया आणि मोल्डाव्हियात रोमा लोकांना शतकानुशतकं गुलाम ठेवलं होतं, ते कायद्याने 1850 च्या दशकात संपलं. आज रोमानियातले रोमा नागरिक म्हणून रोमानियन आहेतच, पण सगळे रोमानियन रोमा नाहीत आणि सगळे रोमा रोमानियात राहतही नाहीत. रोमन म्हणजे रोमचा, आणि रोमान्श ही स्वित्झर्लंडमधली भाषा, हेही वेगळेच.

नागरिकत्व आणि वंश यातही गोंधळ होतो. रोमानियाच्याच ट्रान्सिल्व्हेनिया भागात हंगेरियन बोलणारे लाखो लोक आहेत, पासपोर्ट रोमानियन, पण स्वतःला हंगेरियन म्हणवतात. 2009 चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या हेर्टा म्युलर रोमानियात जन्मल्या पण जर्मन भाषक घरात, त्यामुळे त्यांना नुसतं रोमानियन लेखिका म्हणणं अर्धवट आहे, रोमानियात जन्मलेल्या जर्मन लेखिका म्हणावं. उलट शिल्पकार ब्रांकुशीने बहुतेक आयुष्य पॅरिसमध्ये काढलं तरी त्याला रोमानियन म्हणतात ते बरोबर. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी त्याच्याकडून एक मंदिर करवून घ्यायचं ठरवलं होतं, त्यासाठी तो इंदूरला आलाही होता, पण ते मंदिर झालंच नाही.

शेजारच्या मोल्डोव्हात तर हा शब्द राजकारणाचा आहे. 1991 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात भाषा रोमानियन, 1994 च्या राज्यघटनेत तीच भाषा मोल्डोव्हन, आणि मग मार्च 2023 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून पुन्हा रोमानियन केलं. बोली थोडी वेगळी असली तरी भाषा एकच, त्यामुळे आता रोमानियनच लिहावं.

आपल्याकडे बऱ्याच पोरांच्या कानावर हा शब्द पहिल्यांदा जिममध्ये पडतो. रोमानियन डेडलिफ्ट या वजन उचलायच्या व्यायामाचं नाव 1984 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या रोमानियन वेटलिफ्टर निकू व्लाडमुळे पडलं, त्याचा रोमशी संबंध नाही, आणि रोमन चेअर हे जिममधलं वेगळंच उपकरण आहे.